अडलेला पडदा आणि जयणा

लातूरच्या गंजगोलाईभोवती किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्याच्या परिसरात खाली दुकान आणि वर घर अशी वस्ती आजही आढळते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांना जाड दगडी भिंती व मोजक्या लहान खिडक्या असत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात अशी दगडमातीची असंख्य घरे कोसळली. पुढील काळात काँक्रीटची घरे वाढली, त्यांना काचेच्या रुंद खिडक्या आल्या आणि ऊन अडवण्यासाठी पट्ट्यांचे किंवा गुंडाळीचे पडदे, म्हणजे ब्लाइंड्स, लागले.

हे पडदे काही वर्षांत जड होतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि प्लॅस्टिकचे भाग ठिसूळ होतात. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या चाळणीतून उडणारी बारीक धूळ वरच्या खोबणीत बसते. मग दोरी जोराने ओढली जाते, ती तुटते आणि पडदा कायमचा खाली राहतो. भर दिवसा खोलीत दिवा लावावा लागतो. चौविहार पाळणाऱ्या घरात ही अडचण किरकोळ नाही. डिसेंबरात या भागात सूर्यास्त सहाच्या आधीच होतो. त्यापूर्वीचे भोजन स्वच्छ उजेडात, ताटातले नीट दिसेल अशा रीतीने व्हावे, हाच तर त्या नियमाचा हेतू आहे.

अडलेल्या पडद्याला बळ लावण्यापूर्वी पाहणे आवश्यक असते. जैन आचारात याच सावधपणाला जयणा किंवा यतना म्हटले आहे. दशवैकालिक सूत्राने चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, जेवणे आणि बोलणे या साऱ्यांत यतना सांगितली. साधु-साध्वी आपल्या उपकरणांचे नित्य पडिलेहण करतात. श्रावकाच्या घरातील पडद्यालाही तीच दृष्टी लागू पडते, कारण बंद पडद्यामागची जागा सूक्ष्म जीवांना सोयीची असते. पालीची अंडी, कोळ्याचे जाळे, कुंभारीण माशीचे मातीचे घरटे तेथे सहज सापडते. चातुर्मासात तर ही शक्यता अधिक.

म्हणून प्रथम उजेडात वरची खोबण आणि पट्ट्यांच्या मागची बाजू पाहावी. घरट्यात जीव असल्यास दुरुस्ती पुढे ढकलावी आणि तोवर दुसऱ्या खिडकीचा उजेड वापरावा. जागा निर्जीव असल्याची खात्री झाल्यावर मऊ पुंजणीने किंवा कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली धूळ काढावी. पुष्कळदा एवढ्यानेच पडदा हलका होतो.

तरीही अडचण राहिली, तर पडद्याच्या प्रकारानुसार कारण शोधावे. आडव्या पट्ट्यांच्या पडद्यात दोरी धरून ठेवणारी कळ वरच्या खोबणीत असते. दोरी सरळ खाली ओढल्यास ती सुटत नाही. दोरी थोडी पडद्याच्या मध्याकडे तिरपी धरून हलकेच ओढावी. दोरीचे धागे उसवले असतील, तर त्याच जाडीची नवी दोरी घालावी. उभ्या पट्ट्यांचा पडदा सरकवण्यापूर्वी सर्व पट्ट्या पूर्ण उघड्या कराव्यात. मिटलेल्या पट्ट्या ओढल्याने वरचे दाते तुटतात. एखादी पट्टी उलटी फिरली असेल, तर ती हाताने सावकाश इतरांच्या ओळीत आणावी. गुंडाळीचा पडदा तिरका जात असल्यास प्रथम दोन्ही आधार समपातळीत आहेत का ते पाहावे. ते ठीक असूनही कापड डावीकडे सरकत असेल, तर नळीच्या उजव्या टोकाला पातळ चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा. उजवीकडे सरकत असेल, तर डाव्या टोकाला. वंगण म्हणून खोबरेल किंवा मशीनचे तेल वापरू नये, कारण त्यावर धूळ चिकटते आणि बारीक जीवही अडकतात. फडक्यावर घेतलेला सिलिकॉन स्प्रे पुरतो.

दुरुस्तीच्या वेळी आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. लोंबणारी दोरी किंवा मण्यांच्या साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो आणि काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. अशा अपघातांमुळे अमेरिकेत डिसेंबर २००९ मध्ये सुमारे ५ कोटी रोमन व गुंडाळीचे पडदे दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आले होते. तेव्हा साखळी भिंतीला ताणून पक्की करावी. दोरी जमिनीपासून दीड मीटरहून उंच खुंटीला गुंडाळावी, आणि पाळणा, पलंग किंवा खुर्ची खिडकीजवळ ठेवू नये. नवा पडदा घेताना दोरीविरहित प्रकार निवडणे उत्तम.

बहुधा एक दोरी, एक कळ किंवा एक दाता बदलला की संपूर्ण पडदा टाकून द्यावा लागत नाही. अपरिग्रहाचा अर्थ नवे न घेण्यापुरता मर्यादित नाही. असलेल्या वस्तूचे आयुष्य जपणे हाही त्याचाच भाग आहे. महिन्यातून एकदा, पक्खीच्या आसपास, घरातील सर्व पडदे एकदा पाहून व झटकून घेतले, तर खिडकीमागचे जीव, घरातील मूल आणि सायंकाळच्या ताटावरचा उजेड, तिन्हींची काळजी एकाच कामात घेतली जाते.