स्लॉट कारचा क्लब आणि भाड्याची जागा

ब्रिटनमध्ये स्लॉट कारचे क्लब चर्चच्या हॉलमध्ये, स्काउटच्या शेडमध्ये, नाहीतर एखाद्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरतात. फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ हा खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचा संच बाजारात आणला, तेव्हापासूनचं हे वेड. गाडीखालची जीभ ट्रॅकच्या खाचेत बसते, खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांतून मोटरला वीज मिळते आणि वेग हातातल्या कंट्रोलरवर. स्टिअरिंग नाही, पण वळणावर हात आखडला नाही की गाडी बाहेर.

क्लबचा खरा प्रश्न जागेचा. हॉल एका संध्याकाळपुरता मिळाला, तर ट्रॅकचे प्लास्टिकचे तुकडे जोडायचे आणि निघताना पुन्हा खोक्यात भरायचे. कंटाळवाणं काम! कायमची खोली असेल, तर एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) फळ्यांत लाकूड कोरायच्या राउटरने खाचा पाडून ट्रॅक बांधता येतो. मात्र फळ्या बोल्टनेच जोडाव्यात. चिकटवल्या, तर करार संपल्यावर करवतीशिवाय ट्रॅक दाराबाहेर निघायचा नाही. शिवाय ओल: एमडीएफ फुगतं, तांब्याची पट्टी काळवंडते आणि गाडी भर सरळ रस्त्यावर आचके देते.

चार लेनच्या ट्रॅकवर प्रत्येक जण आळीपाळीने चारही लेनमध्ये गाडी चालवतो. ज्यांची पाळी नसते ते मार्शल म्हणून वळणांवर उभे राहून पडलेल्या गाड्या खाचेत ठेवतात. म्हणजे आठेक माणसं हवीतच. भाडंही त्यांच्याच वर्गणीतून सुटतं. सही करण्याआधी विमा कोणाचा आणि रात्री किती वाजेपर्यंत जागा वापरता येईल, हे करारात लिहून घ्या.