योनाचें चिन्ह

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत असें सांगितलें आहे, कीं कांहीं शास्त्री व परूशी येशू ख्रिस्ताकडे आले आणि त्यांनीं एखादें चिन्ह पाहावयास मागितलें. मागणी वरवर रास्त दिसते. ईश्वराच्या नांवानें बोलणाऱ्यानें आपला अधिकार सिद्ध करावा, ह्यांत वावगें काय? परंतु त्याच अध्यायांत, थोडें मागें, वाळलेल्या हाताचा मनुष्य बरा झालेला आहे, आणि आंधळा व मुका असलेला एक जण पाहूं-बोलूं लागला आहे. पहिल्या प्रसंगानंतर परूश्यांनीं घाताचा बेत केला; दुसऱ्याचें श्रेय भुतांच्या अधिपतीला दिलें. तेव्हां उणीव पुराव्याची नव्हती.

योना संदेष्ट्याचें तेवढें चिन्ह मिळेल, अधिक नाहीं, असा उत्तराचा आशय होता. योना तीन दिवस माशाच्या उदरांत होता, तसा मनुष्याचा पुत्र भूमीच्या पोटांत राहणार होता. शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची पहांट ह्यांत तीन रात्री बसत नाहींत, अशी शंका चिकित्सक वाचक घेतो. यहूदी गणनेंत दिवसाचा अंशहि पूर्ण दिवस धरीत, हा खुलासा पुरेसा आहे. विशेष हा, कीं हें चिन्ह मागणाऱ्याच्या डोळ्यांपुढें घडणारेंच नव्हे. येशू उठला तो क्षण कोणी पाहिल्याचें चारी शुभवर्तमानांत वर्णन नाहीं; आहे ती रिकामी कबर, आणि पुढें तो ज्यांना भेटला त्यांची साक्ष.

योनाच्या कथेंतील मासा सर्वांच्या लक्षांत राहतो, नगर राहत नाहीं. निनवे हें अश्शूरांचें, म्हणजे इस्राएलाच्या शत्रूंचें महानगर. तिकडे जाण्याचें टाळून योनानें याफोच्या बंदरांत तर्शीशला जाणारें तारूं गांठलें. शेवटीं तो गेला तो नाखुषीनेंच. चाळीस दिवसांनीं नगराचा नाश होईल, एवढाच त्याचा उपदेश. मूळ हिब्रूंत तो अवघा पांच शब्दांचा आहे. तेथें त्यानें चमत्कार केला नाहीं, कोणी मागितलाहि नाहीं. तरी राजा सिंहासनावरून उतरून राखेंत बसला. गुरांढोरांनासुद्धां उपास घडला. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती लोक त्या उपवासाची आठवण अद्याप तीन दिवस पाळतात.

न्यायाच्या दिवशीं हेच निनवेकर उठून त्या पिढीला दोषी ठरवितील, असें ख्रिस्तानें शास्त्र्यांना सांगितलें. ज्यांना योनाचें पुस्तक मुखोद्गत ते आरोपी, आणि परके मूर्तिपूजक साक्षीदार! त्यांच्याबरोबर दक्षिणेची राणीहि उभी राहील. ती शलमोनाकडे दूरवरून आली तीहि अवघड प्रश्न घेऊनच. म्हणजे विचारणें हा अपराध नव्हे. तिनें मिळालेलीं उत्तरें मानलीं, एवढाच भेद.

स्वतः योनालाहि पाहण्याची हौस सुटली नव्हती. निनवेला क्षमा मिळाली तेव्हां तो रागावला, आणि नगराच्या पूर्वेस मांडव घालून, आतां ह्याचें काय होतें तें पाहत बसला. पुस्तक संपतें तेव्हां तो तेथेंच आहे. ईश्वरानें त्याला एक प्रश्न विचारला आहे, आणि योनाचें उत्तर लिहिलेलें नाहीं.