दिवाण : दिवसा बैठक, रात्रीं शेज

पूर्वींच्या वाड्यांत निजावयाचें सामान दिवसा दृष्टीस पडत नसे. पहांटे उठतांच प्रत्येकानें आपल्या गादीची वळकटी करावी, ती फडताळांत किंवा माळ्यावर जावी, आणि माजघर पुन्हां माजघर व्हावें, असा प्रघात होता. त्यांत सोंवळ्याओंवळ्याचा भाग होताच; कापसाची गादी ओंवळी आणि लोंकरीची धाबळी चालणारी, हा भेद आपल्या आज्यांना कोणी शिकवावा लागत नसे. परंतु जागेची काटकसर हेंहि त्याचें मोठें कारण होतें. मुंबईस १९२० नंतरच्या दशकांत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, तेव्हां एका बिऱ्हाडाच्या वांट्यास १६० चौरस फुटांची एक खोली आली. तेवढ्यांत आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सारें कुटुंब निजत असे, तें वळकटीच्याच जोरावर.

आज अनेक घरांत वळकटीची जागा दिवाणानें घेतली आहे. शब्द फारसींतला, आधीं दप्तर, मग दरबार, आणि पुढें दरबारांत भिंतीला लागून असणारी गादीची बैठक, असा त्याचा प्रवास झाला. म्हणजे दिवाण जन्मास आला तो बसणाऱ्यांसाठीं, निजणाऱ्यांसाठीं नव्हे. पाहुणा अर्धा तास बसतो आणि जातो. त्याच दिवाणावर घरांतील एक माणूस रोज सात-आठ तास काढतें. तें माणूस बहुधा कोण असतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. ज्याला स्वतःची खोली नाहीं, तें : आजेसासूबाई, माहेरीं परत आलेल्या आत्याबाई, किंवा महाविद्यालयांत जाणारे धाकटे भावोजी. भावोजींची दोन-चार वर्षांत कोठें तरी सोय लागते. आजींच्या बाबतींत मात्र तो सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद दिवाण हेंच त्यांचें सारें घर असतें. आणि तरीहि गादी व पडदा घेतांना दुकानांत पहिला प्रश्न विचारला जातो तो हा कीं, रंग खुर्च्यांशीं जुळेल ना!

रंगाचें मागाहून पाहूं. आधीं उंची पाहावी. गादीसकट दिवाण १७-१८ इंचांहून उंच नसावा. त्यावर बसलेल्या वृद्ध बाईचीं दोन्हीं पावलें जमिनीस सपाट टेकलीं पाहिजेत. हल्लीं आठ-आठ इंचांच्या फोमच्या गाद्या मोठ्या हौसेनें घेतल्या जातात. मऊ त्या खऱ्या. परंतु मध्यरात्रीं उठावयाचें झाल्यास आजींचे पाय लोंबकळत राहतात, आणि मऊ कडेवर हाताला आधार म्हणून मिळत नाहीं. आमच्या मतें खालीं काथ्याची, रबरानें बांधलेली कठीण गादी आणि वर दोन इंचांची कापसाची पातळ गादी, ही जोडी सर्वांत बरी. काथ्यांतून हवा खेळते व तो दबत नाहीं. कापूस अंगाला सुखाचा लागतो. शिवाय वरची गादी एका सुनेला एकटीनें उचलून गच्चीवर नेतां येते. जी गादी उन्हांत नेतां येत नाहीं ती कितीहि किंमतीची असो, ती आपल्या हवेंत निरुपयोगी समजावी.

याचें कारण कापसाच्या स्वभावांत आहे. साधारण हवेंत कापूस आपल्या वजनाच्या शेंकडा आठ इतकें पाणी धरून ठेवतो. आषाढांत, त्यांतून कोंकणपट्टींत, त्याहूनहि अधिक. त्यावर रोज एका माणसाचा भार आणि घाम. मग त्याच्या गांठी होतात. दोन-तीन वर्षांनीं गादी उसवून कापूस पिंजून घ्यावा हा जुना नियम त्यासाठींच होता. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार आतां आळींत क्वचित् ऐकूं येतो, परंतु यंत्रावर पिंजून देणारीं दुकानें आहेत. तेथें जावें, आणि नवें कापड भरावयाचें तर जुना पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाटच मागावा, कारण त्याची वीण घट्ट असल्यामुळें कापसाचे तंतू बाहेर येत नाहींत. उशीला मात्र सांवरीचा कापूस घ्यावा. त्याचा तंतू आंतून पोकळ असतो, म्हणून तो हलका राहतो व पाणी शोषून घेत नाहीं. गुळगुळीत असल्यामुळें त्याचें सूत निघत नाहीं, हाच त्याचा दोष उशीच्या कामीं गुण ठरतो.

धुळीचा विचार केवळ स्वच्छतेचा नव्हे. हॉलंडांतील लायडन येथील संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, घरांतील धुळीनें ज्यांना दमा होतो त्यांच्या त्रासाचें मूळ बहुतांशीं डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कोळ्याच्या जातीच्या किड्यांत असतें. हे किडे माणसाच्या गळून पडलेल्या त्वचेवर जगतात आणि गादी-उशींत ओल मिळाली कीं वाढतात. कडक ऊन आणि ६० अंश उष्णतेच्या पाण्यांतलें धुणें त्यांना सोसत नाहीं. आजींचा पहांटेचा खोकला म्हातारपणाचा म्हणून सोडून देण्यापूर्वीं त्यांची उशी किती वर्षांची आहे हें एकदां पाहावें.

याच संबंधांत पेटीच्या दिवाणाविषयीं दोन शब्द. खालच्या पेटींत जुन्या रजया, सतरंज्या व लग्नांत आलेलीं भांडीं भरून ठेवण्याची सोय होते, ही गोष्ट मोहाची खरी. परंतु वरची फळी सलग असेल तर गादीची ओल आंतच कोंडते व श्रावण संपेपर्यंत तळाला बुरशी धरते. सुताराकडून फळीला वीतभर अंतरावर भोंकें पाडून घ्यावीं, आणि दिवाण पावसाच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढें ओढून ठेवावा.

आतां आच्छादनें. दिवसाचा पलंगपोस आणि रात्रीची चादर हीं दोन निराळीं असलींच पाहिजेत, याविषयीं तडजोड नाहीं. रस्त्यांतून, आगगाडींतून, दवाखान्यांतून आलेलीं माणसें ज्यावर बसलीं त्याच कापडावर घरांतल्या माणसानें गाल टेकावा, हें कोणालाहि रुचणार नाहीं. दिवसासाठीं सोलापुरी चादरीसारखें जाड, दोहों बाजूंनीं वापरतां येणारें कापड उत्तम. रात्रीसाठीं धुवून धुवून मऊ झालेलें सुती कापड. ६०×९० इंचांची चादर असली म्हणजे चार इंचांच्या गादीखालीं चहूं बाजूंनीं खोंचावयास पुरेसें कापड उरतें. तीन फूट रुंद दिवाणावर बसणाऱ्याच्या पाठीला आधार म्हणून लोड लागतात. ते रात्रीं ठेवावयाचे कोठें हा नित्याचा प्रश्न. त्यास सोपा उपाय असा कीं, लोडाच्या रिकाम्या खोळी शिवून त्यांत आजींची रजई आणि पांघरूण घट्ट गुंडाळून भरावें. दिवसाचा लोड तीच रात्रीची दुलई.

पडदा हा मात्र शोभेचा विषय नाहीं, हक्काचा आहे. बैठकीच्या खोलींत निजणाऱ्याला झोंप येईल तेव्हां निजतां येत नाहीं. बाकीचे उठतील तेव्हां निजावें लागतें. दूरदर्शनावरील मालिका, नातवाचा अभ्यास, रात्रीं साडेनऊला सहज डोकावलेले शेजारी, आणि कडेला जांभया आवरीत, "बसा हो, मला कुठें झोंप येते आहे" असें म्हणणाऱ्या आजी, हें चित्र किती घरांतलें आहे! दिवाणासमोर छतापासून सरकता पडदा लावून द्यावा, त्याची दोरी आजींच्या हातीं असावी, आणि नऊ वाजल्यावर ती जागा त्यांची, पाहुण्यांना जेवणाच्या खोलींतल्या खुर्च्या, असें घरच्या कर्त्या पुरुषानें एकदां सर्वांसमक्ष ठरवून टाकावें. सुनेनें हें बोलून दाखविलें तर ते तिच्या अंगाशीं येतें; मुलानें बोललें तर चालतें.

पातळ जाळीदार पडदा येथें कामाचा नाहीं. दिवसा बाहेरचा उजेड अधिक असल्यामुळें त्यांतून आंतलें दिसत नाहीं; रात्रीं त्याच्या आंतल्या बाजूस दिवा लागला कीं तोच पडदा कांचेसारखा होतो. खिडकीवरहि हाच नियम. पडद्याला मांजरपाटाचें अस्तर लावावें, म्हणजे उजेड थांबतो. आवाज फारसा थांबत नाहीं, त्याची आशा धरूं नये. पंखा खोलीच्या मध्यावर असल्यास पडद्याच्या वरच्या फूट-दीड फुटांत केवळ जाळी ठेवावी, नाहीं तर आंत कोंडमारा होतो. जेथें डांसांचा उपद्रव आहे तेथें मच्छरदाणी निराळीच पाहिजे. रोनाल्ड रॉस यानें २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतू पाहिले, त्याला सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी दाणीची कड गादीखालीं न खोंचतां ती नुसती लोंबत ठेवणारीं घरें अजून आहेत. दाणीला अंग लागलें तरीहि डांस बाहेरून चावतो. म्हणून ती रुंद घ्यावी.

कापडाचा हिशेब दुकानदारावर सोंपवूं नये. चुण्या नीट पडाव्या म्हणून दांडीच्या दुप्पट कापड लागतें. ७ फुटांच्या दांडीला १४ फूट. ४५ इंच पन्ह्याचे चार पट्टे जोडले म्हणजे १५ फूट होतात. उंची ८ फूट धरल्यास दुमडीसकट एका पट्ट्याला ३ वार, एकूण १२ वार. घरांत जुनीं नऊवारी लुगडीं असतील तर एका लुगड्यांत असे तीन पट्टे निघतात, आणि आजींना आपल्याच लुगड्याच्या कांठाकडे पाहत निजावयास मिळतें. नवें सुती कापड घेतल्यास शिवण्यापूर्वीं एकदां भिजवून वाळवावें. पहिल्या धुण्यांत तें शेंकडा तीन ते पांच आटतें, म्हणजे ८ फुटांच्या पडद्यांत ३ ते ५ इंच. तेवढ्या फटींतून समोरच्या स्वयंपाकघरांतला दिवा बरोबर उशीवर येतो.