कुरणापासून भट्टीपर्यंत

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याकडील वारली आणि कातकरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन भिवंडी तालुक्यातील वीटभट्ट्यांवर उतरतात, आणि त्यांच्या मुलांचे गावच्या हजेरीपटावरील नाव पावसाळ्यापर्यंत नावापुरतेच उरते. यंत्रमागांच्या या नगरीच्या इतिहासात अशा मुलांची दखल क्वचितच घेतली गेली. त्यांच्या शिक्षणाची कुळकथा शोधावयाची तर जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीस, जावे लागते.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाईंपाशी शास्त्र होते. परंतु माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती आणि, त्याहून बिकट म्हणजे, बोलावल्याबरोबर मुले येत नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली, शिक्षिका वस्तीतल्या अंगणात जाऊन बसू लागल्या, आणि पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर, धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी, तर गुरे राखणाऱ्या मुलासाठी चराईच्या रानातच भरणारी कुरणशाळा सिद्ध झाली. पालकांच्या अनास्थेचा शेरा मारून दप्तर बंद करणे शिरस्त्याला धरूनच झाले असते. गैरहजेरीचे कारण शाळेतच शोधण्याचे या दोघींचे धारिष्ट मला त्यांच्या साऱ्या साधनांहून मोलाचे वाटते, कारण ज्या शाळेने आपले बकरू आणि आपले भावंड दोन्ही मान्य केले, तिच्यावर मूल रुसणार तरी कसे? ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ साली देह ठेवीपर्यंत कोसबाड सोडले नाही.

वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्या विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने नव्वदीच्या दशकात हाच मार्ग भट्टीपर्यंत नेला. मजुरांच्या खोपटांशेजारी, तशाच भोंग्यात, भोंगाशाळा भरू लागल्या.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने स्थलांतरित मुलास प्रवेश देण्याचे दायित्व स्थानिक प्राधिकरणावर टाकले. दाखल्याअभावी मुलाला दारातून परतवणे त्यामुळे बेकायदा ठरले, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र १ ऑगस्ट २०१४ रोजी जव्हार-मोखाडा नव्या पालघर जिल्ह्यात गेले आणि भिवंडी ठाण्यातच राहिली, त्यामुळे दिवाळीनंतर हे मूल आता जिल्ह्याचीही हद्द ओलांडते, आणि त्याच्या हजेरीचा हिशेब दोन निरनिराळ्या जिल्हा परिषदांच्या दप्तरी पडतो.