रिव्हनच्या शाळेतलं खेळणं

रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकी भावांचा ‘मिस्ट’ हा संगणकावरचा खेळ १९९३ साली आला. त्याचा पुढचा भाग ‘रिव्हन’ १९९७चा, तब्बल पाच सीडींचा. गुण नाहीत, हाणामारी नाही. अनोळखी बेटांवर हिंडायचं, तरफा ओढायच्या, दिसेल ते वहीत टिपायचं.

रिव्हनमधल्या एका शाळेत चमत्कारिक खेळणं आहे. वर दोन छोटी माणसं टांगलेली, खाली अक्राळविक्राळ जलचर. कळ फिरवली की एक अपरिचित चिन्ह उमटतं आणि एक बाहुली काही टप्पे खाली सरकते. टप्पे मोजा, चिन्हाची किंमत कळते. तिथली मुलं आकडे शिकतात तसेच आपणही शिकतो, कुणी समजावून न सांगता!

पण खेळणं दहापर्यंतच शिकवतं आणि बेटांवरच्या घुमटांच्या कुलपांना लागतात पंचवीसपर्यंतचे आकडे. इथे खरी गंमत आहे. नीट पाहिलं तर पाचाचं चिन्ह म्हणजे आडवा केलेला एक, दहाचं म्हणजे आडवा केलेला दोन. सहा म्हणजे पाच आणि एक एकाच चौकटीत. मग पंधरा कसा दिसेल? आडवा तीन. आपली मोजणी दहाच्या पटीत चालते, रिव्हनमधली पंचविसाच्या. न पाहिलेला आकडा तर्काने ओळखता येतो, हे मला या खेळाचं सर्वांत मोठं यश वाटतं.

२०२४ मध्ये सायन या मूळ कंपनीनेच रिव्हन नव्याने बनवला. त्यातली बरीच कोडी बदलली आहेत, त्यामुळे जुन्या खेळाडूंनाही नवी वही घ्यावी लागते.