फिरते घर निवडताना

पुण्यातल्या खराडीसारख्या वसाहतीत, जिथे नगर रस्त्यालगतच्या उत्तुंग इमारतींत सदनिकेच्या वाट्याला एका मोटारीपुरतीच मोजकी जागा येते, तिथे फिरत्या घराची इच्छा धरणाऱ्या गृहस्थाने प्रवासाचा नकाशा उघडण्यापूर्वी त्या घराची लांबी, उंची आणि ते उभे करण्याची तजवीज यांचा विचार करणे श्रेयस्कर.

पहिला प्रश्न असा, की स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर घ्यावे की मोटारीमागे ओढायचे? ओढायचे घर मुक्कामी सोडून मोटार मोकळी करता येते. परंतु रांजणगावच्या सपाट रस्त्यावर निमूटपणे मागे येणारे तेच घर ताम्हिणी घाटाच्या वळणांवर चालकाची परीक्षा पाहते. सामान मागच्या टोकाला अधिक भरल्यास घर हेलकावे खाऊ लागते. म्हणून एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या आकड्यावर यावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा आणि विजेचा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो ओझे. आणि १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,००० वॉटच्या वातानुकूलन यंत्राला जेमतेम तासभर पुरते.

तिसरा प्रश्न कायद्याचा. राज्य शासनाने २०२१ साली कॅरव्हान, म्हणजेच फिरत्या घरांच्या, पर्यटनाचे धोरण जाहीर केले, हे खरे. तथापि जुन्या गाडीत मनाजोगे फेरफार करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील अशा फेरफारांवर बंधने घालणारे कलम ५२ ध्यानात ठेवावे. एआयएस-१२४ या मानकानुसार मान्यतेचा दाखला आणि नोंदणीचे दस्तऐवज पाहिल्याखेरीज विसार देऊ नये.