एक्क्यांचा बादशहा!

माहीत आहे का, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत वाइल्ड कार्डवर येऊन थेट करंडक उचलणारा पठ्ठ्या आजवर एकच? क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच! साल 2001, रँकिंग 125.

त्याआधी तीनदा फायनलमध्ये तोंडचा घास गेला होता. 1992 मध्ये आगासीने पळवला, 1994 आणि 1998 मध्ये सॅम्प्रसने.

आता हे ऐका! 2000 मध्ये ब्रायटनला मॅच चालू असताना साहेबांनी रागाच्या भरात आपल्या सगळ्या रॅकेट्स मोडल्या. खेळायला रॅकेटच उरली नाही, मॅच गेली!

आणि अंधश्रद्धा? 2001 च्या त्या पंधरवड्यात रोज सकाळी टीव्हीवर ‘टेलिटबीज’. होय, लहान मुलांचं तेच! रोज तेच रेस्टॉरंट, तेच टेबल, तेच जेवण: फिश सूप, लॅम्ब, वर चॉकलेट सॉस घातलेलं आइस्क्रीम. जिंकतोय ना? मग मेन्यू बदलायचा नाही, बॉस!

सेमीफायनल किती दिवस चालली, माहीत आहे? तीन! समोर ब्रिटनचा लाडका टिम हेनमन. शुक्रवारी गोरान तिसरा सेट 0-6 असा हरला, हेनमन सुसाट सुटला आणि पाऊस आला. वरुणराजा पावला म्हणायचं! रविवारी गोरान जिंकला, त्यामुळे फायनल गेली सोमवारवर.

त्या फायनलचा पाचवा सेट म्हणजे बीपी वाढवणारा मामला. पहिला मॅच पॉइंट: डबल फॉल्ट. दुसरा: पुन्हा डबल फॉल्ट! तिसरा पॅट्रिक रॅफ्टरने अप्रतिम लॉब मारून वाचवला. चौथ्याला रॅफ्टरचा रिटर्न नेटमध्ये... 9-7!

हा विजय गोरानने द्राझेन पेत्रोविचला अर्पण केला. पेत्रोविच बास्केटबॉलमधला त्याचा जिवलग मित्र, 1993 मध्ये कार अपघातात गेला. स्प्लिटला, गोरानच्या गावी, स्वागताला दीड लाखांच्या आसपास माणसं लोटली, तेव्हा त्याच्या अंगावर पेत्रोविचची जर्सी होती. इथे गळा दाटतो राव.

रेकॉर्ड हवाय? 1996 या एकाच वर्षात 1,477 एस! डावखुऱ्याच्या हातात हुकमाचे एक्केच एक्के. हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

ऑलिंपिकचंही ऐका. 1992, बार्सिलोना. स्वतंत्र क्रोएशियाचं पहिलंच उन्हाळी ऑलिंपिक, ध्वज विशीतल्या गोरानच्या हाती. परतताना खिशात एकेरी आणि दुहेरीची दोन कांस्यपदकं!

आणि 2014 मध्ये यूएस ओपन जिंकणारा मारिन चिलिच आठवतो? त्याचा कोच कोण होता, सांगा बरं? गोरान! पुढे 2019 ते 2024 नोव्हाक जोकोविचच्या बॉक्समध्येही हाच बसायचा.